दुबईत घर निवडताना: दिवसभर घरात कोण असणार?

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

माझे मिस्टर सात महिन्यांपासून दुबईत आहेत. ऑफिस इंटरनेट सिटीत. सध्या दोन सहकाऱ्यांबरोबर शेअरिंगमध्ये राहतात. एप्रिलमध्ये मी आणि मुलं तिकडे जाणार आहोत. मुलगी सहावीत जाईल, मुलगा पहिलीत. घरभाड्यासाठी वर्षाला ९० हजार दिऱ्हाम काढून ठेवलेत. यांनी एमिरेट्स रोडच्या पलीकडे एका नव्या वसाहतीत तीन बेडरूमचं टाउनहाउस बघितलंय. बाग, स्विमिंग पूल, मुलांना खेळायला जागा, सगळं आहे. माझे चुलत दीर म्हणतात की त्याच पैशात बर दुबईला मनखूलमध्ये जुन्या इमारतीत टू बीएचके मिळतोय, तो घ्या. यांचे एक सहकारी म्हणतात की शारजात अल नाहदाला ५५ हजारांत भागतं, उरलेले पैसे साठवा. मी नाशिकमध्ये बारा वर्षं अकाउंट्सचं काम केलं, तिकडे गेल्यावर वर्षभरात नोकरी शोधायची आहे. (मला गाडी येत नाही, इथे स्कूटी चालवते.) सासूबाई वर्षातून तीन महिने आमच्याकडे येतील. मन टाउनहाउसकडे ओढतंय, पण काहीतरी खटकतंय. काय ते कळत नाही.

— एक वाचक, नाशिक

उत्तर

प्रिय मैत्रीण,

काय खटकतंय ते तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते कंसात टाकलंत. तुम्हाला गाडी येत नाही. दुबईत कुठे राहायचं याचा निर्णय मी या एका गोष्टीपासून सुरू करेन. बेडरूम किती, पूल आहे की नाही, हे त्यानंतर.

नाशिकमध्ये तुम्ही स्कूटीला किल्ली लावता आणि दहा मिनिटांत बँकेत, भाजीला, आईकडे पोचता. कुणाला विचारावं लागत नाही. दुबईत भारतीय लायसन थेट बदलून मिळत नाही. ड्रायव्हिंग इन्स्टिट्यूटमध्ये नाव घालायचं, क्लास करायचे, मग थिअरी, पार्किंग आणि रोड टेस्ट. रोड टेस्टमध्ये पहिल्या फटक्यात पास न होणारे पुष्कळ. यात काही महिने आणि काही हजार दिऱ्हाम जातात, आणि त्यानंतरही दुसरी गाडी घ्यायची की नाही हा प्रश्न उरतोच. म्हणजे पहिलं वर्षभर तरी तुमचे पाय, मेट्रो, बस आणि टॅक्सी एवढंच तुमच्या हातात असणार. घर त्या वर्षासाठी निवडायचंय.

आता टाउनहाउसमधला मे महिन्यातला एक मंगळवार डोळ्यांसमोर आणा. मुलांची स्कूल बस सकाळी सहा-सव्वासहालाच येते, कारण शाळा लांब. सात वाजता मिस्टर गाडी घेऊन जातात. त्यानंतर तीन बेडरूमच्या घरात तुम्ही एकट्या. वसाहतीच्या आतच घरापासून गेटपर्यंत चालायला वेळ लागतो, आणि गेटच्या बाहेर सहा पदरी रस्ता आणि वाळू. मेट्रो नाही. बस असली तरी एखादी, तीही ठरावीक वेळांची. बाहेर ४० अंशांच्या वर. सरकार तिथे दरवर्षी १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांना काम करू देत नाही, यावरून उन्हाची कल्पना करा. पूल आहे, पण त्या वेळी तिथे कुणी नसतं. शेजारी आहेत, पण दारं बंद आणि एसी चालू. संध्याकाळी साडेसहाला मिस्टर येतात तेव्हा दिवे लागलेले असतात, बागेला पाणी दिलेलं असतं, मुलं सायकल चालवत असतात. घर त्यांना रोज त्याच वेळी दिसणार. तुम्हाला ते सकाळी सातपासून दिसणार.

टॅक्सी मिळते, ॲपवर बोलावता येते, हे खरं. पण आपल्याकडच्या बायकांचं मन मला माहीत आहे. कोथिंबिरीसाठी तीस दिऱ्हामची टॅक्सी कुणी करत नाही. मग कोथिंबीर आठवड्याच्या सामानात येते, मैत्रिणीकडे जाणं शनिवारवर ढकललं जातं, इंटरव्ह्यू लांब असला तर त्याला नाहीच म्हटलं जातं. बाहेर पडणं असं हळूहळू कमी होतं, आणि आपण घरात बसून राहिलोय हे लक्षात यायला सहा-आठ महिने जातात. आखातातून मला जी पत्रं येतात त्यांत पैशांची तक्रार कमी असते. एकटेपणाची असते, आणि ती बहुतेक वेळा चांगल्या, मोठ्या, सुंदर घरांतून आलेली असते.

मिस्टरांना यात दोष देऊ नका. सात महिने परक्या माणसांबरोबर एका फ्लॅटमध्ये, बाथरूमची पाळी लावून राहिलेला माणूस आहे तो. बायको-मुलं येणार म्हटल्यावर त्याला मोठं घर दाखवायचंय, मुलांना हिरवळ द्यायचीय. या इच्छेत प्रेमच आहे. म्हणून नुसतं ‘नको’ म्हणू नका, एक विनंती करा. ते घर त्यांनी बहुधा शनिवारी-रविवारी एजंटच्या गाडीतून बघितलं असेल. एखाद्या कामाच्या दिवशी अर्धी रजा काढून त्यांनी तिथे दुपारी दोन वाजता गाडीशिवाय जावं, दुधाची एक पिशवी विकत घ्यावी आणि परत इंटरनेट सिटीत यावं. आत्ता हवा सुखाची आहे, त्यामुळे चालताना त्रास होणार नाही, पण वेळ किती लागतो ते कळेल. हिवाळ्यात दुबईतली प्रत्येक वस्ती छान वाटते, हेही ध्यानात ठेवा. नोव्हेंबर ते मार्च तिथे लोक बागेत जेवतात. शाळा मात्र मे, जून आणि सप्टेंबरातही असते. घर त्या महिन्यांसाठी पारखायचं.

माझं मत स्पष्ट सांगते. पहिलं वर्ष मनखूल.

का ते सांगते. बर दुबई, मनखूल, करामा हा खाडीच्या अलीकडचा जुना भाग. इथे इमारतीच्या खाली ग्रोसरी असते, आणि फोन केला की पोरगा दही-ब्रेड वर आणून देतो. मीना बाजारात कढीपत्त्यापासून पूजेच्या सामानापर्यंत सगळं मिळतं. गणपतीच्या आधी तिथल्या दुकानांत मूर्ती येतात. डॉक्टर, शिंपी, ब्युटी पार्लर, ट्यूशन, सगळं चालत जाण्यासारखं. संध्याकाळी रस्त्यावर माणसं असतात, त्यांतली निम्मी हिंदी समजणारी. बुर्जुमान स्टेशनवर मेट्रोच्या रेड आणि ग्रीन अशा दोन्ही लाइन मिळतात, आणि इंटरनेट सिटीचं स्टेशन रेड लाइनवरच आहे, गाडी बदलावी लागत नाही. साधारण चाळीस मिनिटं धरा. मिस्टरांना गाडी रोज काढायची गरज नाही. मेट्रोत बायका-मुलांसाठी वेगळी जागा राखलेली असते, त्यामुळे मुलीला घेऊन एकटीनं फिरायलाही काही वाटत नाही.

तुमच्या नोकरीच्या दृष्टीनं तर हा भाग सोन्यासारखा आहे. बर दुबई आणि खाडीपलीकडचं देरा इथे ट्रेडिंग कंपन्या, ट्रॅव्हल एजन्सी, क्लिअरिंग-फॉरवर्डिंगची ऑफिसं दाटीवाटीनं आहेत, आणि या सगळ्यांना हिशेब लागतो. तिथे २०१८ पासून व्हॅट आणि २०२३ पासून कंपन्यांच्या नफ्यावर कर आला, त्यामुळे अकाउंट्सचं काम जाणणाऱ्या माणसाला मागणी आहे. नवऱ्याच्या व्हिसावर राहून, कंपनीनं वर्क परमिट काढलं की बायकोला नोकरी करता येते. इंटरव्ह्यूला तुम्ही मेट्रोनं पोचू शकता, ही गोष्ट लहान नाही. टाउनहाउसमधून तोच इंटरव्ह्यू म्हणजे अर्धा दिवस आणि शंभर-सव्वाशे दिऱ्हाम.

आणि सासूबाई. त्यांचे तीन महिने कसे जातील याचा विचार पत्रात कुणीच केलेला दिसत नाही. त्यांना बेडरूम मोठी असण्यापेक्षा संध्याकाळी खाली उतरून चार माणसं दिसणं जास्त हवं असतं. खाडीवर एक दिऱ्हाममध्ये अब्रा म्हणजे लाकडी होडी पलीकडे नेते, क्रीक पार्क आणि झबील पार्क जवळ आहेत, शेजारच्या गुजराती किंवा दाक्षिणात्य आजीशी मोडक्या हिंदीत ओळख होते. त्यांना नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच बोलवा. उन्हाळ्यात कुठल्याच वस्तीत त्यांचं मन रमणार नाही.

मनखूलच्या उण्या बाजूही आहेत. जुन्या इमारतीत स्वयंपाकघर अरुंद, झुरळं असतात, एसीचा आवाज होतो. खाली मोकळं अंगण नाही, मुलं रस्त्यावर खेळू शकत नाहीत. अनेक इमारतींत गच्चीवर छोटा पूल असतो, पण टाउनहाउसच्या हिरवळीची सर त्याला नाही. पार्किंग पैसे देऊन, आणि संध्याकाळी तेही सापडत नाही. रोज त्या जागेसाठी घिरट्या घालाव्या लागतात. इमारतीत पार्किंगची जागा भाड्यात धरली आहे का, हे आधी विचारा. आणखी एक, इमारत ‘फॅमिली’ आहे याची खात्री करा. जुन्या भागात एकेका फ्लॅटमध्ये लाकडी पार्टिशन घालून दहा-बारा माणसं ठेवायची सवय आहे. ते बेकायदा आहे, आणि २०२५ च्या जूनमध्ये महापालिकेनं अल रिग्गा, मुरक्कबात, सतवा, अल बरशा, अल रफ्फा या भागांत त्यावर कारवाई केली. बघायला जाल तेव्हा लिफ्टमध्ये, जिन्यात कोण ये-जा करतं ते संध्याकाळी आठ वाजता बघा, सकाळी अकराला नाही.

शारजाबद्दल थोडक्यात. ज्याचं ऑफिस कुसैस, देरा किंवा विमानतळाच्या बाजूला आहे त्यानं शारजाच्या नाहदात राहावं, तो विचार शहाणपणाचा आहे. इंटरनेट सिटी शहराच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी इत्तिहाद रोडच्या गर्दीतून तिथे जायला दीड ते दोन तास लागू शकतात, आणि परतीचं तेच. वाटेत सालिकचे टोल. ३१ जानेवारी २०२५ पासून कामाच्या दिवशी सकाळी सहा ते दहा आणि दुपारी चार ते रात्री आठ या वेळात प्रत्येक गेटला सहा दिऱ्हाम. वाचलेल्या ३५ हजारांतले बरेच पेट्रोल-टोलमध्ये जातील. पण खरी किंमत ती नव्हे. रोजचे तीन-चार तास रस्त्यावर गेलेला बाप रात्री मुलाची पहिलीची वही उघडू शकत नाही. मी हा पर्याय सोडून देईन.

तिघांच्या यादीत नसलेला एक पर्याय मात्र मिस्टरांना जरूर दाखवायला सांगा. जबल अलीच्या बाजूची डिस्कव्हरी गार्डन्स. ऑफिसपासून जवळ, मेट्रोचं स्वतःचं स्टेशन, कमी मजल्यांच्या इमारती, मध्ये झाडं, भारतीय कुटुंबं भरपूर. सीबीएसई शाळा शेजारच्या द गार्डन्समध्ये आहे, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेलं हिंदू मंदिरही जबल अलीलाच आहे. अडचण एवढीच की तिथले बहुतेक फ्लॅट स्टुडिओ किंवा वन बीएचके. चार माणसं आणि येऊन-जाऊन सासूबाई, म्हणजे दाटी होईल. तरीही मिस्टरांची हिरवळीची हौस आणि तुमचं चालत बाहेर पडणं, दोन्ही जमवायचं असेल तर तडजोड तिथेच होईल. नोकरीच्या शोधासाठी मात्र बर दुबईच उजवं.

पण या सगळ्याच्या आधी शाळा. आधी घराचा करार आणि मग शाळा, असा क्रम लावू नका. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा तिथे एप्रिलमध्येच सुरू होतात. कमी फीच्या नावाजलेल्या शाळांत मधल्या वर्गात जागा मिळणं अवघड असतं, आणि सहावीची जागा पहिलीपेक्षाही अवघड. दुबईतल्या खासगी शाळांवर केएचडीए या सरकारी खात्याची देखरेख असते. त्यांच्या संकेतस्थळावर प्रत्येक शाळेचा तपासणी अहवाल आणि मंजूर फी दिसते. ती बघूनच अर्ज करा, नातेवाइकांच्या ऐकीव मतावर नको. बर दुबईजवळ ऊद मेथामध्ये १९६१ साली सुरू झालेलं इंडियन हायस्कूल आहे, कुसैस आणि वरका भागांतही भारतीय शाळा आहेत. दोन्ही मुलांना एकाच शाळेत जागा मिळेल तिथून बसनं अर्ध्या तासात येणारं घर घ्या. फीबरोबर बसचे पैसे वेगळे विचारा, ते कमी नसतात. आणि मुलीला आत्ताच सांगून ठेवा की तिथे नववीपर्यंत अरबी शिकावी लागते. वर्गातली मुलं पहिलीपासून शिकलेली असतील, तिला अक्षरओळखीपासून सुरुवात करायची आहे. जायच्या आधी दोन महिने घरी मुळाक्षरं गिरवली तर पहिल्या दिवशी तिचा चेहरा पडणार नाही.

आता पैसे. ९० हजार हे फक्त भाडं झालं. दुबईत भाडं पुढच्या तारखांच्या चेकनं देतात, एकापासून बारापर्यंत. चेक जितके कमी तितकं मालक भाड्यात उतरतो. समजा चार चेक ठरले. पहिला २२,५०० चा. डिपॉझिट, बिनफर्निचरच्या घराला पाच टक्के, म्हणजे ४,५००. एजंटचे पाच टक्के आणि त्यावर व्हॅट, मिळून ४,७२५. वीज-पाण्याच्या ‘देवा’चं डिपॉझिट फ्लॅटसाठी २,०००, स्वतंत्र घरासाठी ४,०००. करार ‘इजारी’त, म्हणजे भाडेकरारांच्या सरकारी नोंदणीत, नोंदवायचे दोनशेच्या वर. म्हणजे फ्लॅट घेतला तरी दारात पाऊल ठेवायच्या आधी ३४ हजार दिऱ्हाम, आपले आठ लाखांच्या आसपास, हातात हवेत. फर्निचर आणि शाळेची पहिल्या टर्मची फी वेगळी. शिवाय वार्षिक भाड्याच्या पाच टक्के हाउसिंग फी महापालिका घेते. ती देवाच्या बिलातून दरमहा कापली जाते, तुमच्या बाबतीत महिना ३७५.

एसीचं बिल कोण भरणार हे विचारल्याशिवाय भाड्याची तुलना करू नका. काही इमारती ‘चिलर फ्री’ असतात, म्हणजे थंड हवेचा खर्च मालकाकडे. काही ठिकाणी थंड पाणी पुरवणाऱ्या कंपनीचं वेगळं बिल येतं, आणि त्यात वापर नसला तरी ठरावीक आकार बारा महिने लागतो. तीन बेडरूमचं दुमजली घर थंड ठेवायला फ्लॅटपेक्षा किती जास्त लागेल ते तुम्ही हिशेबनीस आहात, तुम्हीच मांडा. मागच्या भाडेकरूचं ऑगस्टचं बिल दाखवा म्हणून मालकाकडे आग्रह धरा.

पावसाचंही विचारा. वाळवंटात पाऊस कसला, असं वाटेल, पण १६ एप्रिल २०२४ ला तिथे १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. रस्त्यांवर गाड्या बुडाल्या, मेट्रोची काही स्टेशनं मे महिन्यापर्यंत बंद होती, शारजात काही भागांत दिवसेंदिवस पाणी साचून राहिलं. त्या दिवशी या इमारतीच्या पार्किंगमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे एजंटला नको, वॉचमनला विचारा.

करार एका वर्षाचाच करा. मध्येच घर सोडायचा हक्क भाडेकरूला आपोआप मिळत नाही, म्हणून ‘दोन महिन्यांचं भाडं देऊन सोडता येईल’ असं कलम आधीच लिहून घ्या. भाडं वाढवायचं असेल तर मालकानं करार संपायच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं, आणि वाढ किती करायची याला सरकारी रेंटल इंडेक्सचं, म्हणजे चालू भाड्यांच्या तक्त्याचं बंधन आहे, जास्तीत जास्त २० टक्के. तो इंडेक्स दुबई लँड डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतो. चेक फक्त मालकाच्या नावे, मालकीपत्राची प्रत बघून. एजंटच्या किंवा ‘केअरटेकर’च्या नावे एकही नाही. रोख रक्कम तर नाहीच.

पहिल्या वर्षात तुम्ही लायसनचे क्लास सुरू करा, दुसऱ्या महिन्यातच, मुलांची घडी बसायची वाट बघू नका. लायसन हातात आलं, नोकरी कुठे आहे ते कळलं, मुलांच्या मित्रमैत्रिणी कुठे राहतात ते कळलं, की मग पुढच्या वर्षी दोघांनी मिळून टाउनहाउसचा विचार करा. तेव्हा ते घर तुमच्यासाठीही सुंदर असेल. मिस्टरांना हेच सांगा, की नको म्हणत नाही, एक वर्ष पुढे ढकलतोय.

शेवटी कागदपत्रं, कारण त्यांत फार वेळ जातो. फॅमिली व्हिसासाठी मिस्टरांच्या नावावर इजारी नोंद झालेला करार लागतो, म्हणजे तुम्ही घर डोळ्यांनी बघायच्या आधी त्यांना सही करावी लागेल, असं लोक सांगतात. दुसरा रस्ताही आहे. तुम्ही आणि मुलं आधी व्हिजिट व्हिसावर जा, तीन-चार आठवडे बर दुबईत एखादं फर्निश्ड अपार्टमेंट घ्या, घर दोघं मिळून बघा, करार करा आणि तिथूनच व्हिसा बदलून घ्या. खर्च थोडा वाढेल, पण वर्षभराची चूक टळेल. विवाह प्रमाणपत्र आणि मुलांचे जन्मदाखले राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि यूएई दूतावास या क्रमानं साक्षांकित करून घ्यायला याच आठवड्यात टाका. यूएईसाठी नुसतं अपोस्टिल, म्हणजे परराष्ट्र मंत्रालयाचा एकच शिक्का, चालत नाही. मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर कुणाच्या सह्या हव्यात, ते तिथल्या शाळेकडून ईमेलवर लेखी मागवा आणि मगच नाशिकच्या शाळेत अर्ज द्या.